हात किती सरकला, ओझे किती चढले : यांत्रिक फायद्याचा हिशेब

उत्तरेस व पूर्वेस भीमा, दक्षिणेस नीरा, आणि नीरा-नरसिंहपूर येथे या दोहोंचा संगम, अशा सीमांनी आखलेला इंदापूर तालुका आणि त्याच्या पश्चिमेस लागून असलेला बारामती तालुका यांतून फिरणाऱ्यास एकाच दिवसात दोन निराळे मुलूख दृष्टीस पडतात : नीरा डाव्या कालव्याखालचा उसाचा बागायत पट्टा आणि सुपे-मोरगावकडील, पावसाच्या मर्जीवर सोडलेला जिरायत पट्टा. कालव्याखालच्या शेतकऱ्यास पाणी अडविण्याची व सोडण्याची चिंता, तर जिरायतदारास ते जमिनीच्या पोटातून वर आणण्याची. आणि या दोन चिंतांपायी विहिरीवरची मोट, खोदाईची यारी, चावडीजवळचा हातपंप, चारीच्या तोंडाशी उभे असलेले मळसूत्राचे लोखंडी दार अशी यंत्रे या भागात पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या हाताखालून गेली आहेत. तरफ, कप्पी, चाक व आस, उतरण, पाचर आणि मळसूत्र ही साध्या यंत्रांची सहा नावे शाळेत पाठ झालेली असतात. परंतु प्रत्यक्ष यंत्र पुढ्यात उभे करून ‘याचा यांत्रिक फायदा किती?’ असे विचारले, की पुस्तकातल्या आकृतीत हे यंत्र कोठे बसते याचा शोध सुरू होतो आणि तेथेच बहुतेकांची गाडी अडते. हा हिशेब आकृतीवाचून, एक टेप, एक पाण्याची बादली आणि थोडा धीर एवढ्या सामग्रीवर कसा करावा, हे सांगण्याचा येथे हेतू आहे.

उचलावयाच्या ओझ्याला भार म्हणावे, ते उचलण्यासाठी आपण लावतो त्याला बल म्हणावे, आणि भाराला बलाने भागून येणाऱ्या संख्येस यांत्रिक फायदा म्हणावे, इतकी व्याख्या सर्वांना ठाऊक असते. शंभर किलोचा भार पंचवीस किलोच्या ओढीने उचलला गेला, तर फायदा ४. (शास्त्रदृष्ट्या बल न्यूटनमध्ये सांगावयास हवे, पण भार आणि बल दोन्ही एकाच मापात मोजल्यावर भागाकारात माप उडून जाते, म्हणून येथे ‘किलोची ओढ’ हीच बोलीतली भाषा ठेवली आहे.) मात्र या व्याख्येच्या पोटात दोन निरनिराळ्या संख्या दडलेल्या असतात आणि त्यांची सरमिसळ झाली की हिशेब फसतो. पहिली संख्या अंतरांची : भार एक हात वर जाण्यासाठी आपला हात किती हात सरकला? हिला वेगगुणोत्तर म्हणतात, आणि यंत्रात घर्षण मुळीच नसते तर यांत्रिक फायदा तेवढाच भरला असता, म्हणून तिला आदर्श फायदा असेही म्हणता येईल. दुसरी संख्या वजनांची : खरोखर किती ओढ लावली तेव्हा किती भार हलला? हा प्रत्यक्ष फायदा. तो पहिल्यापेक्षा नेहमीच उणा भरतो, आणि दुसऱ्यास पहिल्याने भागले असता येणारा अपूर्णांक ही त्या यंत्राची कार्यक्षमता. जमाखर्चाच्या वहीत जशी एका बाजूची रक्कम दुसऱ्या बाजूस कोठेतरी रुजू व्हावीच लागते, तसे बलात जे वाचले ते अंतरात भरावेच लागते, आणि घर्षणाची दस्तुरी त्यावर वेगळी.

म्हणून प्रथम अंतरे मोजावीत, मग वजने, आणि सूत्राकडे सर्वांत शेवटी वळावे. पुस्तके हा क्रम उलटा ठेवतात, आणि माझ्या मते विद्यार्थ्यांच्या बहुतेक चुका त्या उलट्या क्रमातूनच जन्मास येतात. मोरोपंतांच्या बारामतीत तरी नेमक्या मोजणीची महती निराळी सांगण्याचे कारण नाही. आर्येतील एक मात्रा चुकली तर चालत नाही, मग पहारीवरची चार बोटे चुकून कशी चालतील?

पहारीपासूनच आरंभ करू. दीड मीटर लांबीची पहार घेऊन बांधावरचा एक काळा धोंडा हलवावयाचा आहे. पहारीच्या टोकापासून १५ सेंटिमीटरवर एक दगड टेकू म्हणून ठेवला, टोक धोंड्याखाली घातले आणि दुसरे टोक खाली दाबले. येथे भारभुजा १५ सेंटिमीटर आणि बलभुजा उरलेली १३५ सेंटिमीटर, म्हणून आदर्श फायदा ९. पुष्कळजण सबंध लांबीस पंधराने भागून १० हे उत्तर देतात आणि ते चूक ठरते, कारण टेकूपलीकडचा तुकडा बलाच्या बाजूला नाही. गंमत अशी, की तेच १० हे उत्तर त्याच पहारीसाठी दुसऱ्या रीतीने बरोबरही ठरू शकते. पहारीचे टोक जमिनीत रोवले, धोंडा टोकापासून १५ सेंटिमीटरवर पहारीला टेकला आणि मोकळे टोक वर उचलले, तर जमीन हाच टेकू झाला, बलभुजा सबंध १५० सेंटिमीटरची झाली आणि फायदा खरोखरीच १०. तरीसुद्धा अनुभवी गवंडी किंवा खाणकामगार शक्यतो पहिलीच रीत पत्करतो, आणि त्याचे कारण भुजांत नसून देहात आहे : खाली दाबताना माणसाचे स्वतःचे वजन कामी येते, वर उचलताना मात्र कंबरेची हाडे तारण ठेवावी लागतात. कागदावर नऊ हा दहाहून लहान असला, तरी पन्नास किलोच्या दाबाने नऊपट, म्हणजे साडेचारशे किलो, सहज निघतात. दहापटीच्या रीतीने तेवढेच साधण्यासाठी पंचेचाळीस किलो वाकून उचलावे लागतात.

भुजा मोजताना आणखी एक खबरदारी घ्यावयाची. टेकूपासून पहारीच्या अंगाने टेप धरून मोजलेले अंतर तेव्हाच खरे, जेव्हा आपण पहारीशी काटकोनात जोर लावतो. पहार तिरपी झाली आणि जोर सरळ खाली लावला, तर भुजा म्हणजे टेकूपासून जोराच्या रेषेवर टाकलेला लंब. तो पहारीच्या लांबीपेक्षा कमीच भरतो. पहार जसजशी फिरते तसतसा हाताला लागणारा जोर बदलत जातो, तो यामुळे.

या लंबाच्या नियमाचे फार सुंदर उत्तर ज्यात शोधले गेले आहे असे एक यंत्र जिरायत गावांतल्या लोकांनी रोज हाताळलेले आहे, पण त्याकडे या दृष्टीने क्वचितच पाहिलेले असते. १९७२ च्या दुष्काळात विंधन विहिरी गावोगाव घेतल्या गेल्या, आणि त्यांवर बसविलेले ओतीव लोखंडाचे जुने घरगुती पंप सबंध गावाच्या वापराखाली मोडकळीस येऊ लागले. त्या पंपांना पर्याय म्हणून जालना व सोलापूर येथील मिशन-कार्यातून पोलादी हातपंप घडविण्यात आले होते. त्यांचाच वंशज असलेला ‘इंडिया मार्क टू’ पंप सत्तरच्या दशकात सिद्ध झाला आणि पुढे देशात व देशाबाहेर पसरला. सोलापूर म्हणजे इंदापूरचे शेजारघर. तेव्हा हा पंप आपल्याच पंचक्रोशीतला मानावयास हरकत नाही. याचा दांडा ही तरफ आहे आणि तिचे भुजांचे प्रमाण ८ ला १ असे आहे. टेकूजवळच्या टोकास वर्तुळाच्या चापासारखा एक तुकडा जोडलेला असून त्याच्यावरून साखळी उतरते आणि त्या साखळीस खाली जाणाऱ्या दांड्या लटकलेल्या असतात. चापावरून सुटणारी साखळी दांडा कोठेही असला तरी टेकूपासून सारख्याच अंतरावर लोंबते, म्हणून भारभुजा बदलत नाही. शिवाय खालच्या दांड्या सरळ उभ्या चालतात, वाकड्या ओढीने झिजत नाहीत.

आता हिशेब. या पंपाच्या नळकांड्याचा आतला व्यास ६३.५ मिलिमीटर, म्हणजे दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे ३१.७ चौरस सेंटिमीटर. पाणी ३० मीटर खोल असेल, तर दट्ट्यावर बसणारा पाण्याचा भार ३१.७ गुणिले ३,००० घन सेंटिमीटर पाण्याइतका, म्हणजे सुमारे ९५ किलो. वर येणारा नळ नळकांड्यापेक्षा अरुंद आहे म्हणून हा भार कमी होईल असे वाटण्याचा संभव आहे. परंतु तो पाण्याच्या उंचीवर आणि दट्ट्याच्या क्षेत्रफळावर ठरतो, नळाच्या रुंदीवर नव्हे. त्यात लोखंडी दांड्यांचे पंचवीस-सत्तावीस किलो मिळविले, की भार सुमारे १२० किलो होतो, आणि आठाने भागता दांड्याच्या टोकास लागणारी ओढ १५ किलोच्या आसपास येते. तीतही दांड्याचे स्वतःचे जड वजन थोडा हातभार लावते. पाण्याची घागर भरणाऱ्या दहा-बारा वर्षांच्या मुलीलासुद्धा हा पंप हापसता येतो तो या आठाच्या आकड्यामुळे. पण वहीची दुसरी बाजू पाहा. दट्ट्या एका हापशास १२.५ सेंटिमीटर चढतो, म्हणून हात त्याच्या आठपट, पुरा एक मीटर खाली यावा लागतो, आणि एवढ्याने वर येते ते सुमारे ०.४ लिटर पाणी. पंधरा लिटरची घागर भरण्यास अडतीस हापसे, म्हणजे हाताचा अडतीस मीटर खाली आणि तेवढाच वर असा प्रवास. पाणी आणखी खोल गेले, की हापशांची संख्या तीच राहते, वाढते ती ओढ; उन्हाळ्यात पंप ‘जड झाला’ असे बायका म्हणतात ते याच अर्थाने अगदी शास्त्रशुद्ध आहे.

कप्पीकडे वळताना एक समजूत आरंभीच दूर सारली पाहिजे. विहिरीच्या तोंडावर पक्की बसविलेली एकच कप्पी बलात कपर्दिकेचाही फायदा देत नाही. दोर एक मीटर ओढला की घागर एक मीटर चढते. गुणोत्तर १, आणि घर्षण धरले तर प्रत्यक्ष फायदा एकाहूनही कमी. तिचे कार्य दिशा बदलण्याचे. मग जुन्या मोटेवर बैल एवढे पाणी काढीत ते कशाच्या बळावर? मोटेचे चाक ही तर पक्की कप्पीच. येथे ज्याचे लक्ष चाकावर खिळून राहील त्याला मोटेचा हिशेब कधीच उलगडणार नाही, कारण मोटेचा खरा फायदा विहिरीपासून उतरत जाणाऱ्या धावेत आहे.

कल्पना करा, की मोटेत १५० लिटर पाणी मावते, मोटेचे व दोराचे वजन १० किलो आहे, पाणी ८ मीटर खोल आहे, आणि मध्यम बांध्याच्या खिल्लार बैलांच्या जोडीचे वजन मिळून ८०० किलो आहे. चाकाचे घर्षण बाजूस ठेवले तरी नाड्यावर १६० किलोची ओढ हवी. बैलजोडी सपाट जमिनीवर दीर्घकाळ जी ओढ सातत्याने देऊ शकते, ती तिच्या वजनाच्या दशांशाच्या आसपास, म्हणजे येथे ८० किलो धरता येईल. तेव्हा सपाट वाटेवरून ही मोट दिवसभर काढणे त्या जोडीच्या आवाक्याबाहेरचे काम. आता धाव अशी करा, की तिच्या अंगाने ८ मीटर चालले असता १ मीटर उतार पडतो. उतरणीवर ठेवलेल्या वजनाचा उताराच्या दिशेने जो हिस्सा खेचतो, तो चढ भागिले लांबी या प्रमाणात असतो, म्हणजे येथे एक अष्टमांश. आठशे किलोंचा एक अष्टमांश १०० किलो. बैल नुसते उतरू लागले तरी त्यांचे वजनच नाड्यावर शंभर किलोंची ओढ घालते, आणि स्नायूंनी द्यावयाची उरते केवळ ६० किलोंची. चाकाचे घर्षण एक दशांश धरले, तर नाड्यावरची ओढ १७६ आणि बैलांच्या वाट्याचे ७६. म्हणजे दशांशाच्या मर्यादेच्या ऐन काठावर, पण आत. धाव किती उतरती ठेवावी हे जाणणाऱ्या जुन्या माणसाने कधी कागद हाती धरला नव्हता, तरी त्याची नजर या आकड्यांपासून फारशी दूर नसावी.

हे शंभर किलो फुकट आले काय? मुळीच नाही. मोट थारोळ्यात रिती झाल्यावर बैल मागे सरत धाव चढतात, तेव्हा आठशे किलोंचे आपले देह ते एक मीटर वर नेतात. किलो-मीटरमध्ये मोजले तर हा खर्च ८००. उतरताना वजनाने केलेले काम १०० गुणिले ८, म्हणजेही ८००. पै न्‌ पै चुकती झाली. सोय झाली ती एवढीच, की एका खेपेत द्यावयाचा जोर जाण्यात आणि येण्यात विभागला गेला आणि जो क्षण बैलांना असह्य झाला असता तो सुसह्य बनला. यांत्रिक फायद्याचे मर्म याहून स्पष्टपणे दाखविणारे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही, आणि शाळेच्या पुस्तकांनी मोटेस उतरणीच्या प्रकरणात स्थान दिले नाही याचे मला नवल वाटते. धाव अधिक उभी केली तर ओढ वाढेल हे खरे. पण परतीची चढण बैलांना जाचेल आणि खुरे घसरतील, म्हणून त्या लोभास मर्यादा आहे.

कप्प्या एकाहून अधिक असतील तेव्हा भाराला वर धरून ठेवणारे दोराचे पदर मोजावेत. हलत्या कप्पीस दोन पदरांनी पेलले असेल तर गुणोत्तर २, चार पदरांनी पेलले असेल तर ४. शेवटचा पदर वरच्या पक्क्या कप्पीवरून उतरून आपल्या हातात येत असेल, तर तो मोजावयाचा नाही, कारण तो भार पेलत नाही, आपली ओढ वर पोहोचवितो. परंतु हाती येणारा पदर थेट हलत्या कप्पीतूनच वर येत असेल, तर तो मोजलाच पाहिजे. संशय पडल्यास पुन्हा टेपच हाती घ्यावी. आणि हलत्या कप्पीचे स्वतःचे वजन भारात मिळविण्यास विसरू नये.

उतरणीचा आणखी एक उपयोग ट्रॉलीत जड वस्तू चढविताना होतो. सुमारे १८० किलो भरणारे डिझेलचे बॅरल एक मीटर उंचीच्या ट्रॉलीत तीन मीटरच्या फळ्यांवरून लोटीत नेले, तर फायदा ३ आणि लागणारा जोर ६० किलो. आता दोराची एक बाजू ट्रॉलीस पक्की बांधा, दोर फळ्यांवरून खाली आणून बॅरलच्या खालून वेढा आणि दुसरे टोक वरून ट्रॉलीतल्या माणसाच्या हाती द्या. बॅरल एक मीटर पुढे सरकले की हाती दोन मीटर दोर येतो. बॅरल हीच हलती कप्पी झाली. तीन गुणिले दोन, फायदा ६, जोर ३० किलो. दोन यंत्रे एकापुढे एक जोडली असता त्यांच्या फायद्यांचा गुणाकार होतो, बेरीज नव्हे, हे ध्यानात ठेवावे. लोटणाऱ्याने मात्र बॅरलच्या उतरत्या बाजूस कदापि उभे राहू नये.

हाच गुणाकार विहिरीच्या खोदाईवरील यारीत पाहावयास मिळतो. हाताने फिरवावयाच्या यारीचा दांडा ४० सेंटिमीटर, तार ज्यावर गुंडाळली जाते त्या नळ्याची त्रिज्या १० सेंटिमीटर, आणि मधली दंतचक्रे १२ व ७२ दात्यांची, असे धरले, तर दांडा व नळा यांचे गुणोत्तर ४, दंतचक्रांचे ६, आणि एकूण २४. दोन माणसांनी प्रत्येकी १५ किलोचा जोर लावला आणि यंत्राची कार्यक्षमता सात दशांश धरली, तर ३० गुणिले २४ गुणिले ०.७, म्हणजे सुमारे ५०० किलो मुरूम-दगड वर यावयास हरकत नाही. पण त्रिज्या मोजताना तारेची निम्मी जाडी धरावयाची असते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तारेचे थरावर थर चढू लागले की ती त्रिज्याच वाढते. दहाची बारा सेंटिमीटर झाली, तर २४ चा फायदा २० वर उतरतो आणि तेवढ्याच जोरात ५०० ऐवजी ४२० किलोच पेलतात. भरलेली पेटी विहिरीच्या तोंडाशी येते तेव्हाच यारी सर्वांत जड का लागते, याचा उलगडा येथे होतो. आणि पेटी किती भरावी हे तळाशी लागणाऱ्या जोरावरून न ठरविता तोंडाशी लागणाऱ्या जोरावरून ठरवावे, म्हणजे खटका निसटण्याचा प्रसंग येत नाही. वालचंद हिराचंद यांच्या नावाने इंदापूर तालुक्यात वसलेल्या वालचंदनगरात साखर कारखान्यांची अवजड यंत्रे आणि अग्निबाणांचे भागही घडविले जातात. तेथल्या भल्या थोरल्या दंतचक्रांना लागू पडणारा नियम यारीच्या बारा आणि बाहत्तर दात्यांहून निराळा नाही.

आता मळसूत्र. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाच्या सुमारास ज्याची उभारणी सुरू झाली आणि १८८५ च्या सुमारास ज्यातून पाणी वाहू लागले, त्या नीरा डाव्या कालव्याने या भागाचा कायापालट केला हे सर्वश्रुत आहे. परंतु पाटबंधारे खात्याचा पाटकरी एकटा उभा राहून पाण्याच्या दाबाखालील लोखंडी दार कसा उचलतो, इकडे पाहणारे थोडे. समजा, दार ६० सेंटिमीटर लांब-रुंद आहे आणि त्याच्या मध्यावर एक मीटर पाण्याचा दाब आहे. तर दारास मागून ढकलणारे पाण्याचे बल ३६० किलो. खाचेतील घर्षण त्याच्या चार दशांश धरले तर १४४. दाराचे वजन पन्नास-साठ किलो. मिळून सुमारे २०० किलोंचा भार. मळसूत्राचा फायदा काढण्यासाठी दोनच अंतरे हवीत : चक्राच्या एका फेऱ्यात हात किती फिरला आणि दार किती चढले. चक्राची त्रिज्या ३० सेंटिमीटर असेल तर हाताचा एक फेरा १८८ सेंटिमीटर, आणि मळसूत्राच्या दोन आट्यांतील अंतर ८ मिलिमीटर असेल तर दार चढले ८ मिलिमीटर. भागाकार केला असता आदर्श फायदा २३५ !

हा आकडा पाहून कोणी हरखून जाऊ नये. मळसूत्रात घर्षण मोठे; त्याची कार्यक्षमता पुष्कळदा एक पंचमांशाच्या आसपास असते, आणि मग २३५ चे ४७ उरतात. २०० ला ४७ ने भागले की चक्रावर सव्वाचार किलोंचा जोर येतो. वंगण वाळून आटे गंजले म्हणजे हाच जोर कित्येक पटींनी वाढतो, आणि मग चक्रात पाइप घालून हिसडे देण्याचा मोह होतो. वर्षातून दोनदा आटे घासून ग्रीस लावणे हा फायदा वाढविण्याचा त्याहून शहाणा मार्ग. अंतराची बाजूही मोजून ठेवा : ६० सेंटिमीटर दार उचलण्यास ७५ फेरे, आणि हाताचा प्रवास १४१ मीटर.

परंतु या घर्षणास सरसकट शत्रू लेखणे अन्यायाचे होईल. ज्या मळसूत्राची कार्यक्षमता निम्म्याहून कमी असते, ते भाराने आपण होऊन उलटे फिरत नाही, असा साधारण नियम आहे. पाटकरी चक्र सोडून घरी गेला तरी दार रात्रभर आहे तेथेच राहते, ते या चार पंचमांश तोट्याच्या जामिनावर. ट्रॉलीखाली लावलेला मळसूत्री जॅकही याच कारणाने टिकून राहतो. यारीला मात्र खटका लागतो, कारण तिची कार्यक्षमता चांगली. तेव्हा यंत्र निवडताना नुसता फायद्याचा आकडा पाहू नये. हात सोडल्यावर ओझ्याचे काय होणार, हे आधी विचारावे.

ज्या यंत्राचे पोट दिसत नाही त्याचाही हिशेब याच रीतीने होतो. विहिरीतली मोटर वर काढण्यास भाड्याने आणलेल्या चेनपुलीच्या आत कोणती चक्रे आहेत हे जाणण्याचे कारण नाही : हाताच्या साखळीला खडूने खूण करावी, आकडा दहा सेंटिमीटर चढेपर्यंत किती साखळी हाताखालून गेली ते मोजावे, आणि भागावे. तीन मीटर गेली असेल तर गुणोत्तर ३०.

राहिला प्रत्यक्ष फायदा. ताणकाटा असेल तर उत्तम. नसेल तर हाताच्या जागी दोरास रिकामी बादली टांगून लिटर-लिटर पाणी ओतीत जावे. भार अलगद वर निघाला की थांबावे. लिटर तितके किलो, अधिक बादलीचे वजन, हे झाले बल. समजा, एक पक्की व एक हलती अशा दोन कप्प्यांवर हलत्या कप्पीसह १०० किलो भार आहे आणि तो ५७ किलोंना वर निघाला. प्रत्यक्ष फायदा १०० भागिले ५७, म्हणजे १.७५, गुणोत्तर २, कार्यक्षमता सुमारे ८८ टक्के. आता तसेच न थांबता बादलीतून पाणी काढीत जावे आणि भार खाली उतरू लागताच पुन्हा वजन घ्यावे. ते ४४ भरले, तर ५७ आणि ४४ यांची सरासरी ५०.५ येते, घर्षण फार नसेल तेव्हा ही सरासरी आदर्श बलाच्या, म्हणजे येथे ५० च्या, जवळपास पडते आणि मोजणीची आपोआप रुजुवात होते. ती फारच लांब पडली तर दोर कोठेतरी घासतो आहे, किंवा पदर मोजण्यात चूक झाली आहे, असे समजावे. भार वर निघण्यास लागलेल्या बलावरून कार्यक्षमता शंभर टक्क्यांहून अधिक आली, तर बादलीचे वजन धरावयाचे राहिले असणार.

काही यंत्रांचा फायदा एकाहून कमी येतो आणि तरी ती उपयोगाचीच असतात. चुलीपुढच्या चिमट्यात बोटे मध्ये असतात आणि भाकरी टोकाशी, म्हणून बल वाढण्याऐवजी घटते; पण बोटांच्या लहानशा हालचालीत टोके भरपूर उघडतात आणि हात विस्तवापासून दूर राहतो. उत्तर अर्धा आले म्हणून विद्यार्थ्याने आपलेच गणित खोडू नये.

शेवटची गोष्ट आडव्या तुळईची, आणि ती हिशेबात बहुधा कोणीच धरीत नाही. पक्क्या एकट्या कप्पीवरून १०० किलो उचलताना भार १०० ने खाली ओढतो आणि आपणही १०० ने खाली ओढतो, म्हणून तुळईवर २०० किलो येतात, घर्षण वेगळे. त्याच तुळईवर एक पक्की व एक हलती कप्पी लावली, तर आपली ओढ ५० होते आणि तुळईवर १५० येतात. भार हलका वाटू लागला म्हणून दोर, आकडा, वासा यांची ताकद वाढलेली नसते. हलत्या कप्पीच्या आकड्यावर शंभर किलो तसेच्या तसे लोंबत असतात. म्हणून विहिरीवर तीन वासे उभे करून मोटर काढावयाची असेल, तेव्हा प्रथम तुळईवर येणारा एकूण भार मांडावा, त्याच्या निदान दुप्पट-तिप्पट झेपेल असा वासा आणि दोर निवडावा, आणि त्यानंतरच साखळीस हात घालावा.